पाहुणे उदंड, यजमान थोडे

व्हेनिस शहरात रियाल्तोच्या प्रसिद्ध पुलापासून काही पावलांवर एक जुने औषधाचे दुकान आहे. २००८ सालापासून त्याच्या दर्शनी काचेत विजेवर उजळणारा एक आकडा लावलेला आहे. पुलावर छायाचित्रे काढून पुढे निघालेल्या प्रवाशाला तो सहसा दिसत नाही, आणि दिसला तरी उलगडत नाही. तो आकडा आहे व्हेनिसच्या मूळ ऐतिहासिक भागात कायम वास्तव्य करणाऱ्या माणसांचा. तो लावला गेला तेव्हा साठ हजारांच्या थोडा वर होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो पन्नास हजारांच्या खाली गेला. १९५१ च्या सुमारास याच भागात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती.

नोव्हेंबर २००९ मध्ये, रहिवाशांची संख्या साठ हजारांच्या खाली घसरल्यानंतर, काही व्हेनिसकरांनी आपल्या शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. मोठ्या कालव्यातून नावेत शवपेटी ठेवून ती नगरपालिकेपर्यंत नेण्यात आली. पाहणाऱ्या प्रवाशांपैकी अनेकांना तो एखादा स्थानिक उत्सवच वाटला असेल. त्यानंतरच्या चौदा वर्षांत आणखी एक रेषा ओलांडली गेली. रहिवाशांच्या एका गटाने केलेल्या मोजणीनुसार, २०२३ मध्ये शहराच्या जुन्या भागात पाहुण्यांसाठी उपलब्ध असलेल्या खाटांची संख्या तेथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येहून अधिक झाली.

ज्या गावात पाहुण्यांच्या खाटा घरच्या माणसांपेक्षा जास्त, तेथे आतिथ्य नेमके कोणी करायचे? जगभरच्या पर्यटन आणि आतिथ्य व्यवसायापुढे आज हा प्रश्न उभा आहे. व्हेनिस हे त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

एका व्यवसायाची वाटचाल

माणूस पूर्वीपासून प्रवास करीत आला. व्यापार, शिक्षण, तीर्थयात्रा अशी त्याची कारणे असत. केवळ पाहण्यासाठी, तेही शेकड्यांनी एकत्र आणि ठरावीक पैशात प्रवास करणे ही मात्र अलीकडची गोष्ट आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने लेस्टरहून लफबरो येथे भरलेल्या मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे पाचशे लोकांना रेल्वेने नेले. तिकीट होते माणशी एक शिलिंग. आज आपण ज्याला सामूहिक सहल म्हणतो, तिची सुरुवात सामान्यतः येथून मानली जाते. मद्यपानाविरुद्धच्या चळवळीतून हा व्यवसाय जन्माला यावा, ही त्यातील एक गमतीची बाब.

रेल्वेने जे सुरू केले ते जेट विमानाने कैक पटींनी वाढविले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या नोंदींनुसार, १९५० मध्ये परदेशी मुक्कामाला गेलेल्या प्रवाशांची जागतिक संख्या सुमारे अडीच कोटी होती. २०१९ मध्ये ती १४६ कोटींच्या घरात पोहोचली. त्या वर्षी जगातील दर दहा नोकऱ्यांमागे एक नोकरी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे प्रवास आणि पर्यटनाशी जोडलेली होती, असा या व्यवसायाच्या जागतिक परिषदेचा अंदाज आहे. एवढा मोठा व्यवसाय केवळ श्रीमंतांच्या हौसेवर उभा राहत नाही. निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार आणि आयुष्यात एकदा तरी परदेश पाहायचा म्हणून वर्षानुवर्षे पैसे साठविणारी मध्यमवर्गीय कुटुंबे, या सर्वांनी तो उभा केला. प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, ही विसाव्या शतकाची मोलाची देणगी आहे. पर्यटनाच्या दुष्परिणामांची चर्चा करताना ही बाजू विसरता कामा नये.

मात्र मोठा व्यवसाय भक्कम असतोच असे नाही. कुक यांनी रोवलेले रोपटे १७८ वर्षे वाढले आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांच्या नावाची ब्रिटिश कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकून पडले आणि त्यांना परत आणण्यासाठी सरकारला विमाने पाठवावी लागली. भारतात त्याच नावाने काम करणारी कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झालेली असल्याने तिला या पडझडीची झळ बसली नाही. लोक आता संगणकावर स्वतःच विमान आणि खोली ठरवू लागले होते, हे त्या कोसळण्यामागील अनेक कारणांपैकी एक होते. तोच बदल व्हेनिसच्या घराघरांत निराळ्या रूपाने शिरला.

घराची खोली कशी झाली

व्हेनिस रिकामे होण्यास केवळ पर्यटन कारणीभूत झाले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उथळ खाडीतील शंभरावर लहान बेटांवर वसलेले हे शहर राहण्यास कधीच सोपे नव्हते. तेथे मोटार नाही. भाजीपासून कपाटापर्यंत प्रत्येक वस्तू नावेतून आणायची आणि हातगाडीवर घालून पुलांच्या पायऱ्या चढवायची. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर चढले आणि तळमजल्यावरील हजारो कुटुंबांचे संसार वाहून गेले. पलीकडे मुख्य भूमीवर, मेस्त्रे येथे, कोरडी आणि स्वस्त घरे होती. शेजारच्या मार्गेरा बंदरात कारखान्यांतील कामही होते. माणसे तिकडे सरकू लागली.

जी राहिली त्यांच्यापुढे पुढच्या काळात निराळा पेच उभा राहिला. एखाद्या कुटुंबाला घर भाड्याने दिले, तर मालकाला महिन्याकाठी ठरावीक रक्कम मिळते. तेच घर पाहुण्यांना रोजच्या भावाने दिले, तर काही दिवसांतच तेवढी रक्कम हाती येते. पूर्वी असे करण्यासाठी हॉटेलचा परवाना, नोकर आणि जाहिरात हे सारे लागे. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या सेवांनी ही अडचण दूर केली. चार छायाचित्रे आणि एक दूरध्वनी एवढ्यावर कोणतेही घर पाहुण्यांसाठी खुले होऊ शकले. यात आरंभी तरी वाईट काही नव्हते. एखाद्या विधवा आजीला रिकाम्या खोलीतून चार पैसे मिळाले आणि पाहुण्यालाही घरगुती वातावरण लाभले. पण ज्या घरात यजमान राहतो ते घर आणि ज्याचा मालक दुसऱ्या शहरात राहून केवळ किल्लीचा व्यवहार करतो ते घर, यांत मोठे अंतर आहे. व्हेनिसमध्ये दुसऱ्या प्रकारची घरे वाढत गेली.

घर गेले की पाठोपाठ दुकान जाते. गल्लीतील दहा कुटुंबे निघून गेली, तर पाववाल्याचे गिऱ्हाईक तुटते. त्याची जागा मुखवटे आणि काचेच्या माळा विकणारा घेतो. मग चांभार जातो, शिंपी जातो, शाळेचे वर्ग रोडावतात. उरलेल्या रहिवाशांना साधे दूध आणण्यासाठी पाच पूल ओलांडावे लागतात आणि एके दिवशी तेही सामान बांधतात. कोणी कोणाला हाकलून दिलेले नसते. प्रत्येक मालकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. या सर्व शहाण्या निर्णयांची बेरीज मात्र गाव ओस पाडते.

रियाल्तोजवळच्या एका इमारतीची कहाणी या बदलाचे सार सांगते. ‘फोंदाको देई तेदेस्की’ म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांची वखार. तेराव्या शतकात ती उभी राहिली. आल्प्स पर्वत ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी येथेच उतरावे, येथेच माल ठेवावा आणि व्यवहारावर प्रजासत्ताकाचा कर भरावा, असा दंडक होता. १५०५ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले आणि वखारीचेही दिवस पालटले. विसाव्या शतकात तेथे शहराचे मुख्य टपाल कार्यालय होते. रहिवासी तेथे पत्रे टाकीत. २०१६ मध्ये तेथे परदेशी प्रवाशांसाठी महागड्या वस्तूंचे भव्य दालन उघडले आणि २०२५ मध्ये तेही बंद झाले. आरंभी पाहुण्यांचा निवास, मग गावकऱ्यांची सोय, मग केवळ खरेदी आणि शेवटी बंद दार असा त्या वास्तूचा प्रवास झाला. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हेनिसला परक्याचे वावडे कधीच नव्हते. परक्यांच्या येण्यावरच ते श्रीमंत झाले. पण त्या काळी पाहुणा कोठे उतरेल, किती दिवस राहील आणि काय भरेल, हे यजमान ठरवीत असे.

चार तासांचा पाहुणा

व्हेनिसला वर्षाकाठी दोन ते तीन कोटी लोक भेट देतात, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. त्यांतील बहुसंख्य लोक तेथे रात्र काढीत नाहीत. सकाळी येतात, सेंट मार्क चौकात उभे राहतात, काही तास फिरतात आणि सायंकाळपूर्वी निघून जातात. असा पाहुणा गावात फारसे काही खर्च करीत नाही. पाण्याची बाटली, एखादी चुंबकाची पट्टी, फार तर आइस्क्रीम. मात्र कचरा, स्वच्छतागृहे, सार्वजनिक बोटी आणि पुलांवरील दाटी यांचा भार गावावर पूर्णपणे पडतो.

या चित्रात मराठी प्रवाशालाही आपला चेहरा शोधता येईल. महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या सामूहिक सहलींच्या कार्यक्रमात व्हेनिसचे नाव बहुधा असतेच. मुक्काम मेस्त्रे किंवा पादुआच्या बाजूला स्वस्त हॉटेलात असतो. सकाळी बस त्रोंकेत्तोच्या धक्क्यावर थांबते, तेथून बोटीने सेंट मार्क चौक. काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक, गोंडोलाची छोटी फेरी, समूहाचे छायाचित्र आणि ‘सर्वांनी अडीच वाजता खांबापाशी जमावे’ अशी सूचना. सहलीसोबत आलेल्या स्वयंपाक्याने रात्री वरण-भात केलेला असतो. ज्यांच्या जेवणात कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही, त्यांची वेगळी भांडी चढलेली असतात. पिशवीत खाकरे आणि थेपले असतातच.

यात टीका करण्याजोगे फारसे काही नाही. उलट, आपल्या आहाराचे नियम न मोडता सत्तरीच्या आजींना आल्प्सचा बर्फ पाहता आला, हे याच व्यवसायाचे यश आहे. विमान कंपन्यांच्या जेवणाच्या यादीत आज जैन शाकाहारी भोजनाला स्वतंत्र सांकेतिक नाव आहे. पन्नास वर्षांपूर्वी परदेशी निघालेला मनुष्य केळी, दूध आणि डब्यातील सुकामेव्यावर दिवस काढी. व्यवसायाने पाहुण्याच्या गरजा बारकाईने ओळखल्या. तितक्याच बारकाईने यजमानाच्या गरजा ओळखल्या नाहीत, एवढेच त्याचे न्यून.

यात सर्वांत अजस्र पाहुणे होते ते जहाजांनी येणारे. दहा-दहा मजली जहाजे ज्युदेक्का कालव्यातून सेंट मार्क चौकासमोरून जात आणि एका वेळी हजारो माणसे धक्क्यावर उतरत. २ जून २०१९ रोजी असेच एक जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि तेथे थांबलेल्या एका प्रवासी नौकेवर आदळले. काही प्रवासी जखमी झाले. वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्या रहिवाशांचे म्हणणे त्या दिवशी जगाने चित्रफितीत पाहिले.

शांततेचे वर्ष

त्यानंतर वर्षभरातच जगाला उलट अनुभव आला. २०२० मध्ये कोविडमुळे आंतरराष्ट्रीय प्रवास ठप्प झाला आणि १४६ कोटींचा आकडा एका वर्षात सुमारे ४० कोटींवर आला. व्हेनिसच्या कालव्यांतील पाणी निवळले, तळ दिसू लागला आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरली. अनेकांना ते निसर्गाने दिलेले वरदान वाटले.

पण त्या निवळ पाण्याच्या काठावर बंद हॉटेले होती. खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया, बोटी चालविणारे नावाडी, उपाहारगृहांतील आचारी आणि मार्गदर्शक घरी बसले होते. जागतिक परिषदेच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात या क्षेत्रातील सुमारे सहा कोटी वीस लाख नोकऱ्या गेल्या. श्रीलंकेसारख्या देशाने तर एप्रिल २०१९ च्या बॉम्बस्फोटांनंतर सावरण्याआधीच हा दुसरा घाव सोसला. परकीय चलनाचा तो झरा आटणे, हे २०२२ च्या तेथील आर्थिक अरिष्टाचे एक कारण ठरले. पर्यटकांच्या गर्दीने गाव गुदमरते आणि पर्यटक आले नाहीत तर गाव उपाशी राहते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच ‘दारे बंद करा’ हा उपाय होऊ शकत नाही.

महामारी ओसरल्यावर लोक दुप्पट ओढीने घराबाहेर पडले. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांची संख्या पुन्हा १४० कोटींच्या आसपास पोहोचली. जुना प्रश्नही परत आला.

पाच युरोंची पावती

व्हेनिसने आता उपाय योजण्यास आरंभ केला. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास इटलीच्या सरकारने बंदी घातली. ऑगस्ट २०२४ पासून मार्गदर्शकासोबतच्या गटात पंचवीसपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि ध्वनिवर्धक वापरू नये, असा नियम झाला. सर्वांत गाजला तो प्रवेश शुल्काचा निर्णय. २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या निवडक २९ दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो घेण्यात आले. शहरात मुक्काम करणारे, तेथे काम वा शिक्षण घेणारे आणि चौदा वर्षांखालील मुले यांना सूट होती. पुढील वर्षी दिवसांची संख्या ५४ करण्यात आली आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क दहा युरो झाले.

एका शहरात शिरण्यासाठी तिकीट, ही कल्पना युरोपला धक्कादायक वाटली. मराठी माणसाला तिचे एवढे नवल वाटू नये. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून माथेरानमध्ये पाऊल टाकताना नगरपरिषदेची पावती त्याने अनेकदा घेतलेली असते. तेथेही मोटारींना मज्जाव आहे आणि तेथेही गावाचा भार बाहेरून येणाऱ्यांमुळे वाढतो. पावती मागण्यात अनुचित काहीच नाही. त्या पावतीने नेमके काय साधते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

व्हेनिसमध्ये पहिल्या वर्षी सुमारे चोवीस लाख युरो जमले. अपेक्षेहून ही रक्कम अधिक होती, पण गर्दी मात्र म्हणावी तशी हटली नाही. हजारो मैलांवरून आलेला प्रवासी पाच युरोंसाठी माघारी फिरत नाही. शिवाय मेस्त्रे ही त्याच नगरपालिकेच्या हद्दीत येत असल्याने तेथे रात्र काढणाऱ्यास हे शुल्क लागू होत नाही. रहिवाशांच्या संघटनांचा आक्षेप तर मुळावरच होता. आपले शहर तिकीट लावून पाहायचे संग्रहालय आहे, हे या निर्णयाने मान्य केले, असे त्यांचे म्हणणे. त्यांची मागणी साधी आहे. प्रवाशांची संख्या मोजण्यापेक्षा घरे राखा. पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा घाला आणि तरुण कुटुंबांना परवडेल अशा भाड्यात छप्पर द्या.

इतरांचे अनुभव

घरांची हीच मागणी स्पेनमधील बार्सिलोना शहराने प्रत्यक्षात आणण्याचे ठरविले आहे. तेथे दहा वर्षांत घरभाडी सुमारे ६८ टक्क्यांनी वाढल्याचे महापौरांनी जून २०२४ मध्ये सांगितले. प्रवाशांना भाड्याने देण्यासाठी परवाने मिळालेल्या १०,१०१ सदनिकांपैकी एकाचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवला जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात काही निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातील पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. पाहुण्यावर पाणी उडवावे ही शोभादायक गोष्ट नव्हे, परंतु तेथवर वेळ आली यातच बरेच काही आले.

घरांऐवजी निसर्ग हाच जेथे यजमान होता, तेथील एक अनुभव आशादायक आहे. थायलंडमधील माया बे हा चिमुकला किनारा २००० सालच्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाला. पुढे गर्दीच्या दिवसांत तेथे रोज पाच-सहा हजार माणसे उतरू लागली. नौकांच्या नांगरांनी पोवळ्यांची मोडतोड झाली. जून २०१८ मध्ये सरकारने हा किनारा बंद केला. पोवळ्यांची नव्याने लागवड झाली आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले. २०२२ च्या आरंभी किनारा पुन्हा उघडला, तो बदललेल्या नियमांसह. नौकांना आता समोरून प्रवेश नाही, त्यांनी बेटाच्या मागील बाजूस थांबायचे. एका वेळी ठरावीक संख्येनेच लोकांनी यायचे. आणि दरवर्षी पावसाळ्यात काही आठवडे किनाऱ्याला विश्रांती द्यायची.

भूतानचा धडा निराळा. १९७४ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी दार उघडल्यापासून त्या देशाने ‘पाहुणे मोजके, पण मोलाचे’ असे धोरण ठेवले. महामारीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने दर रात्रीचे विकास शुल्क ६५ डॉलरवरून थेट २०० डॉलर केले. भारतीयांसाठी ते १,२०० रुपये ठेवले. पाहुणे इतके मोजके झाले की हॉटेलवाले आणि वाटाडे चिंतेत पडले. वर्षभरातच ते शुल्क निम्मे करावे लागले. यजमानाचे हित राखताना त्याचीच चूल विझणार नाही, हेही पाहावे लागते.

सेवा देणारे हात

या सर्व चर्चेत ज्याची आठवण क्वचितच निघते, तो म्हणजे आतिथ्य व्यवसायातील कामगार. महामारीत घरी पाठविलेल्या माणसांपैकी अनेकजण परत आले नाहीत. त्यांनी कमी श्रमाची आणि ठरलेल्या वेळेची अन्य कामे धरली. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाला मनुष्यबळाअभावी रोजच्या प्रस्थान करणाऱ्या प्रवाशांवर एक लाखाची मर्यादा घालावी लागली. विमाने होती, प्रवासी होते, सामान उचलणारे हात नव्हते.

ज्या ठिकाणी पर्यटन सर्वांत भरभराटीला आले, तेथेच हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. स्पेनच्या इबिझा बेटावर हंगामात काम करणाऱ्या काहींना घरभाडे परवडत नसल्याने गाड्यांत आणि तंबूंत राहावे लागते. व्हेनिसमध्ये सकाळी पाहुण्याची चादर बदलणारी स्त्री बहुधा पूल ओलांडून मुख्य भूमीवरून आलेली असते. ज्या गावाचे आतिथ्य ती करते त्या गावात तिला राहता येत नाही. पाहुण्याला ‘या’ म्हणणारा मनुष्यच गावात परका असेल, तर त्या स्वागताला व्यवसाय म्हणता येईल, आतिथ्य म्हणणे कठीण.

पाहुण्याचाही धर्म असतो

पर्यटनाचे यश आजवर किती माणसे आली या एकाच आकड्याने मोजले गेले. देशोदेशींचे मंत्री तो दरवर्षी अभिमानाने सांगतात. व्हेनिसच्या औषधाच्या दुकानातील आकडा त्यासोबत वाचला जात नाही. किती माणसे आली, यासोबत किती घरे वसलेली राहिली, शाळेत किती मुले उरली, हे जोवर पाहिले जात नाही, तोवर या व्यवसायाचा हिशेब अर्धाच राहील.

हे काम मुख्यतः सरकारांचे आणि नगरपालिकांचे आहे. पण प्रवाशाच्या हातीही काहीच नाही, असे नाही. दहा दिवसांत सात देश पाहण्याऐवजी दोन देश सावकाश पाहता येतात. व्हेनिसला चार तास देण्याऐवजी तेथे दोन रात्री राहता येते. त्या रात्री परवानाधारक हॉटेलात किंवा यजमान स्वतः राहत असलेल्या घरात काढाव्यात, मालक नसलेल्या सदनिकेत नव्हे. सायंकाळी गर्दी ओसरल्यावर चौकात चेंडू खेळणारी मुले दिसतात, खिडकीतून भांड्यांचा आवाज येतो, आणि हे कोणाचे तरी गाव आहे हे प्रथमच जाणवते. जुलैऐवजी नोव्हेंबरात जाता येते. काचेची वस्तू घ्यायचीच असेल, तर ती जवळच्या मुरानो बेटावरील भट्टीतून आली आहे की परदेशातील कारखान्यातून, हे विचारता येते. सहल ठरवितानाच मुक्काम कोठे आहे आणि वेळ किती आहे, असा प्रश्न दहा कुटुंबांनी केला, तर पुढील वर्षीचा कार्यक्रम बदलू शकतो. गिऱ्हाइकाने मागितले म्हणून याच व्यवसायाने परदेशी स्वयंपाकी नेला आहे. तो मुक्कामही वाढवील.

कोकणात निवास व न्याहारी योजनेखाली पाहुणे ठेवणाऱ्या घरांत हे नाते आजही पाहायला मिळते. पाहुणा ओटीवर बसतो, मालकीणबाई घावने आणि चटणी पुढे ठेवतात, अंगणात त्यांची नातवंडे खेळत असतात. यजमान घर सोडून गेलेला नसतो. पैसे दोघांमध्ये असतात, पण केवळ पैसेच नसतात.

तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळेत उतरणाऱ्याला तर हे वेगळे सांगायला नको. तेथे मुक्कामाच्या दिवसांना मर्यादा असते, कारण मागून येणाऱ्यालाही खोली हवी असते. भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी बंद होते आणि कितीही दुरून आलेला यात्रेकरू त्याबद्दल कुरकुर करीत नाही. ताटात घेतलेले तो टाकीत नाही, निघताना खोली आवरून जातो आणि परवडेल तेवढी रक्कम पेटीत ठेवतो. आपण आलो म्हणून या घराचे नियम बदलावेत, असे त्याच्या मनातही येत नाही. पाहुण्याने कसे वागावे याचे हे शिक्षण ज्या कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, त्यांना ते विमानात बसताना मागे ठेवण्याचे कारण नाही.

रियाल्तोजवळच्या त्या काचेतील आकडा आजही उजळतो आहे. पुढच्या वेळी सूचनेप्रमाणे अडीच वाजता खांबापाशी जमण्याआधी दोन मिनिटे काढून तो पाहिला, तरी व्हेनिसची सहल अधिक खरी होईल. शहर पाहून झाले, एवढे म्हणून भागत नाही. ज्यांचे ते शहर आहे ती माणसे अजून तेथे किती आहेत, हेही प्रवाशाने पाहिले पाहिजे.